सोसायटीच्या फलकावर पहिला नंबर कोणाचा? १०८, हॉस्पिटलची गाडी की नाक्यावरची खासगी

मुंबईतल्या जवळपास कुठल्याही सोसायटीत वॉचमनच्या केबिनमध्ये डोकावलं, तर भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद दिसतो. वर अग्निशमन १०१, खाली पोलीस, मग लिफ्टवाला, प्लंबर, टँकरवाला, आणि मध्येच कुठेतरी ‘अँब्युलन्स’ असं लिहून पुढे दहा आकडी मोबाइल नंबर. तो नंबर कोणाचा, कोणी दिला, अजून लागतो का, हे सेक्रेटरींनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. हा कागद नव्याने करायला बसलेल्यांसाठी, किंवा घरात हृदयरोगी असल्यामुळे फ्रीजवर एकच नंबर चिकटवायचा आहे त्यांच्यासाठी, हा आढावा.

पर्याय तसे तीन. राज्याची १०८. आपण नेहमी जातो त्या मोठ्या हॉस्पिटलची स्वतःची गाडी. आणि पालिका रुग्णालयाच्या गेटबाहेर किंवा नाक्यावर उभी असलेली एक-दोन गाड्यांच्या मालकाची खासगी. १०२ गरोदर आणि बाळंत बायका आणि तान्ह्या मुलांच्या सरकारी दवाखान्यात ने-आणीसाठी आहे, ती या तुलनेत येत नाही. ११२ ला मुख्यतः पोलीस मिळतात. मारामारी, अपघात किंवा दार आतून बंद असलेलं घर असेल तर तिथेच करावा, पण छातीत दुखतंय म्हणून नव्हे.

आधी चाकांचा वेग. यात नाक्यावरची गाडी पुष्कळदा जिंकते आणि ते मान्य करायला हवं. ड्रायव्हर गाडीतच झोपतो, दुसऱ्या रिंगला फोन उचलतो, तुमची गल्ली त्याला पाठ असते, ‘दत्ताच्या देवळाच्या मागची बिल्डिंग’ एवढ्यावर तो पोचतो. १०८ चं शहरासाठीचं उद्दिष्ट २० मिनिटांचं आहे, ग्रामीण भागासाठी ३०. सकाळी सातला ते आरामात गाठलं जातं. संध्याकाळी सात वाजता साकीनाक्याला किंवा पावसात हिंदमाताला ते गाठलं जाईलच, असं माझ्या पाहण्यावरून तरी म्हणवत नाही. हॉस्पिटलची गाडी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. तिचं अंतर कमी असतं, पण गाडी एक किंवा दोन, आणि त्यातली एक नेमकी कोणाला तरी घरी सोडायला गेलेली असते.

मात्र मिनिटं कुठून कुठपर्यंत मोजायची, यात गफलत होते. ‘पंधरा मिनिटांत आलो’ म्हणणारा गाडी सुटल्यापासून गेटपर्यंतचं सांगतो. रुग्णाच्या दृष्टीने घड्याळ फोन लावल्यापासून सुरू होतं आणि कोणीतरी जाणकार त्याच्या अंगाला हात लावतो तेव्हा थांबतं. बाराव्या मजल्यावरच्या घरात गेट ते पलंग हेच अंतर पाच-सात मिनिटांचं असतं. हे धरलं तर तिन्ही पर्यायांतला वेगाचा फरक बराच कमी होतो. आणि हृदय पूर्ण बंद पडलं असेल तर तिघांतलं कोणीही वेळेत येत नाही. मेंदूला चार ते सहा मिनिटंच असतात. तिथे वॉचमनचे हात आणि छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, एवढाच इलाज. कमिटीने वर्षातून एकदा वॉचमनना हे शिकवून घ्यावं, फलकापेक्षा ते मोलाचं आहे.

मुंबईत वेग ठरवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे रेल्वे रूळ. नकाशावर दोन किलोमीटरवर असलेलं हॉस्पिटल रुळांच्या पलीकडे असेल तर ते दोन किलोमीटरवर नसतं. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला तेव्हा पूर्वेच्या लोकांना पश्चिमेची हॉस्पिटलं एका रात्रीत लांब गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल पाडकामासाठी बंद झाला आणि वरळी-प्रभादेवीकडून परळच्या केईएमचा सरळ रस्ता तुटला. म्हणून हॉस्पिटलच्या गाडीचा नंबर फलकावर लिहायचाच असेल, तर रुळांच्या आपल्या बाजूच्या हॉस्पिटलचा लिहावा. नाव कितीही मोठं असलं तरी पलीकडचं दुसऱ्या ओळीवर.

फोनवर काय होतं

१०८ ची महाराष्ट्रातली सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ एएलएस, म्हणजे व्हेंटिलेटर आणि हृदयाला शॉक देणारा डिफिब्रिलेटर असलेल्या, आणि ७०४ बीएलएस, म्हणजे प्राथमिक जीवरक्षक सोयींच्या. राज्यभराचे फोन पुण्यात औंधच्या एका कक्षात जावेत, तिथून गाडी सुटावी, अशी मांडणी. मुंबईकराला पहिला त्रास इथेच होतो. तो ‘नेहरूनगर’ म्हणतो आणि समोरून ‘कुठलं?’ येतं, की त्याचा पारा चढतो. पण नेहरूनगर कुर्ल्याला आहे तसं पिंपरीलाही आहे. टिळकनगर चेंबूरला आहे आणि डोंबिवलीलाही. शिवाजीनगर तर पुण्याचं जगाला माहीत, गोवंडीचं फक्त गोवंडीला. विचारणाऱ्याची चूक नाही.

यावर उपाय साधा आहे. पत्ता उलटा सांगायचा, मोठ्याकडून लहानाकडे: मुंबई, कुर्ला पूर्व, नेहरूनगर, अमुक सोसायटी, बी विंग, नववा मजला, गेट तमुक शाळेच्या समोर. फोन मध्येच तुटला तरी जागा पोचलेली असते. मग रुग्णाचं वय, शुद्ध आहे का, श्वास चालू आहे का, काय झालं. यात ‘सकाळी थोडं जड खाल्लं होतं’ इथपासून सुरुवात नको. हा उलटा पत्ता फलकावरच मोठ्या अक्षरात छापून ठेवला तर घाबरलेल्या माणसाला तो नुसता वाचायचा असतो. वॉचमन बिहारचा असो की नेपाळचा, त्यालाही वाचता यावा म्हणून हिंदीतही.

दुसरी चूक १०८ च्या बाजूने नाही, आपल्या बाजूने होते आणि ती फार महाग पडते. गाडी सुटली की ड्रायव्हर किंवा गाडीतले डॉक्टर वाटेतून फोन करतात. ज्या मोबाइलवरून १०८ लावला त्याच मोबाइलवर. आणि त्याच वेळी घरातला माणूस त्या मोबाइलवरून ठाण्याच्या मामांना, नाशिकच्या बहिणीला कळवत असतो. लाइन बिझी. गाडी नाक्यावर उभी, डावीकडे की उजवीकडे कळेना. १०८ लावलेला मोबाइल मोकळा ठेवायचा, नातेवाइकांना दुसऱ्या फोनवरून कळवायचं. ही एक गोष्ट पाळली तर १०८ बद्दलच्या ‘आलीच नाही’ या तक्रारीतल्या बऱ्याच मिटतील असं वाटतं.

हॉस्पिटलच्या गाडीला फोन लावला की तो बहुधा रिसेप्शनला किंवा कॅज्युअल्टीला लागतो. ‘तुमचा केस नंबर आहे का?’ हा पहिला प्रश्न. असेल तर उत्तम, सगळं पुढचं सरळ होतं, कागद तिथेच असतात. नसेल तर रेंगाळतं. खासगीला लावला की ‘कुठल्या हॉस्पिटलला?’ आणि लगेच आकडा. शुद्ध आहे का, श्वास चालू आहे का, हे विचारणारा खासगी ड्रायव्हर दुर्मीळ, आणि त्याचा राग धरण्यात अर्थ नाही. त्याचा धंदा अंतराचा आहे, आजाराचा नाही. तो स्वतः दुसऱ्या फेरीवर असेल तर तुमचा फोन मित्राला देतो, मित्र कमिशन देतो. म्हणजे फलकावर ज्याचा नंबर, त्याची गाडी येईल याची खात्री नाही. येईल ती कदाचित ट्रॅव्हलर असेल, कदाचित ओम्नी.

ओम्नी किंवा इको आली तर थोडं थांबून विचार करावा. वाहनांच्या राष्ट्रीय नियमावलीत, म्हणजे एआयएस १२५ मध्ये, रुग्णवाहिकांचे चार प्रकार आहेत. ए म्हणजे पहिली मदत पोचवणारं वाहन, बी म्हणजे नुसती ने-आण, सी म्हणजे बीएलएस आणि डी म्हणजे एएलएस. लहान व्हॅन ने-आणीच्या कामाची. पायाचं प्लास्टर काढायला, डायलिसिसला न्यायला ती स्वस्त आणि झकास. पण तिच्यात रुग्णाचं डोकं पुढच्या सीटच्या पाठीला टेकलेलं असतं आणि छप्पर बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागतं. डोक्याकडे उभं राहायला जागा नाही, छाती दाबायला हात सरळ होत नाहीत. आतमध्ये मॉनिटर टांगलेला असला तरी ती गाडी बी प्रकाराचीच राहते.

‘डॉक्टर वाटेत घेऊ’

माझा कौल जिथे ठरला ती गोष्ट हीच. वेग नाही, भाडं नाही. गाडीच्या मागच्या भागात कोण बसतो, हे.

खासगी गाडीच्या अंगावर दोन्ही बाजूंनी ‘कार्डिअॅक अँब्युलन्स’ लिहिलेलं असतं. फोनवर विचारलं तर ‘आहे ना साहेब, व्हेंटिलेटर, मॉनिटर, सगळं आहे.’ आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं, यंत्रं असतात. मग विचारायचं, डॉक्टर आहेत का? त्यावर जे येतं ते मुंबईभर जवळपास एकाच शब्दांत येतं: ‘पाहिजे का? वाटेत घेऊ.’

या उत्तराचा अर्थ असा. डॉक्टर गाडीवर नाहीत. ते घरी आहेत, किंवा कुठल्या तरी नर्सिंग होमला ड्यूटीवर आहेत, आणि फेरीमागे पैसे घेतात. ड्रायव्हर आता त्यांना फोन लावणार. ते हो म्हणाले तर गाडी आधी त्यांच्याकडे वळणार किंवा तुम्हाला घेऊन मग त्यांच्याकडे. मुंबईत वळणं म्हणजे एक सिग्नल, एक यू-टर्न, बिल्डिंगखाली हॉर्न, आणि शर्टाची बटणं लावत येणारे डॉक्टर. पंधरा मिनिटं सहज. ते नाही म्हणाले तर दुसरे. दुसरेही नसले तर ‘साहेब, आपण निघूया, जवळच आहे’. डॉक्टरचे पैसे वेगळे, हे अर्थातच.

आणि तोवर मागे कोण असतं? एक हेल्पर मुलगा, जो स्ट्रेचर उत्तम उचलतो, आणि मास्क धरून बसलेला रुग्णाचा मुलगा किंवा सून. रुग्णाच्या प्रवासातला सगळ्यांत नाजूक काळ नेमका हाच असतो, पलंगावरून उचलल्यापासूनची पहिली दहा-पंधरा मिनिटं. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते, हनुवटी वर उचलून धरली तर श्वास चालू राहतो. उलटी झाली तर कुशीवर वळवून सक्शन, म्हणजे घशातलं ओढून काढणारं यंत्र, लावायचं असतं, नाहीतर उलटी फुप्फुसात. हृदयाचा ठोका बिघडला तर डिफिब्रिलेटरचा शॉक. तिन्ही कामं करायला मिनिट-दोन मिनिटं पुरतात, पण करणारा हवा. सक्शन मशिन हुकला अडकवलेलं आणि ते कसं सुरू करायचं हे गाडीतल्या एकालाही माहीत नाही, अशी ती ‘कार्डिअॅक’ गाडी असते. यंत्राचं भाडं आकारलं जातं, आणि ते वापरणारा माणूस पुढच्या सिग्नलपलीकडे उभा असतो.

१०८ ची महाराष्ट्रातली रचना इथे वेगळी आहे. डॉक्टर हा गाडीच्या पाळीचाच भाग. तो मागवावा लागत नाही, गाडीबरोबर येतो. देशात इतरत्र १०८ वर बहुतेक ठिकाणी तंत्रज्ञ असतात, इथे सुरुवातीपासून डॉक्टर ठेवले. जगातही या बाबतीत दोन रीती आहेत. लंडनमध्ये गाडीवर पॅरामेडिक येतो आणि त्याला भरपूर अधिकार असतात. पॅरिसमध्ये १५ नंबर फिरवला तर फोनच्या पलीकडेच डॉक्टर असतो, आणि गंभीर रुग्णाकडे डॉक्टर बसलेली गाडी जाते. आपली मांडणी गाडीपुरती दुसऱ्या रीतीजवळ जाते.

यात अतिशयोक्ती नको. १०८ वरचे डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात, आणीबाणीचं प्रशिक्षण घेतलेले. ते हृदयरोगतज्ज्ञ नव्हेत. काही नवखे असतात. अनुभवी खासगी डॉक्टर मिळाला तर तो अधिक चांगला, यातही शंका नाही. पण ‘मिळाला तर’ आणि ‘आहेच’ यातलं अंतर रात्री अडीच वाजता फार मोठं होतं. हॉस्पिटलच्या गाडीतही ही भानगड थोड्या सौम्य रूपात आहे. डॉक्टर कॅज्युअल्टीतून गाडीत चढतात. कॅज्युअल्टीत त्याच वेळी दोन अपघात आले असतील तर गाडी गेटवर घरघर करत उभी राहते. फक्त ते खरं सांगतात, एवढं श्रेय द्यायला हवं.

मग १०८ ने नेणार कुठे?

१०८ विरुद्धचा सगळ्यांत जोरकस मुद्दा हा. लोकांना भीती असते की ते सरकारी हॉस्पिटलातच नेतील. खरं म्हणजे जवळच्या, त्या आजाराची सोय असलेल्या हॉस्पिटलात नेणं हा त्यांचा नियम, आणि मुंबईत गंभीर अपघातासाठी ते हॉस्पिटल अनेकदा पालिकेचं किंवा राज्याचंच असतं. सायन, केईएम, नायर, जेजे, कूपर, जोगेश्वरीचं ट्रॉमा केअर. अपघाताच्या रुग्णाला सायनच्या कॅज्युअल्टीत जेवढं रोज पाहिलं जातं, तेवढं चकचकीत लॉबीच्या हॉस्पिटलात महिन्यात पाहिलं जात नसेल. तिथे हट्ट धरू नये.

हृदय आणि पक्षाघात यांची गोष्ट वेगळी. हृदयविकाराच्या झटक्यावर अँजिओप्लास्टी करायची तर हॉस्पिटलच्या दारात शिरल्यापासून ९० मिनिटांच्या आत व्हावी असं धरतात. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांपर्यंत. म्हणून जवळचं कुठलंही हॉस्पिटल नव्हे, तर कॅथलॅब (जिथे अँजिओप्लास्टी होते ती खोली) किंवा सीटी स्कॅन आत्ता चालू असलेलं हॉस्पिटल. गाडीतल्या डॉक्टरांना शांतपणे सांगावं: ‘अमुक हॉस्पिटलात यांची फाइल आहे, मी तिथे फोन करून बेड आणि कॅथलॅब विचारतो.’ आणि खरंच करावा. तिकडून ‘या’ आलं असेल आणि अंतर फार नसेल तर सहसा अडचण येत नाही. नुसतं ‘आम्हाला प्रायव्हेटलाच न्या’ म्हटलं तर वाद होतो आणि वादात पाच मिनिटं जातात.

उलट खासगी गाडी तुम्ही म्हणाल तिथे नेते, असं वाटतं. नेतेही. पण वाटेत ‘तिथे बेड नाही मिळणार, आपल्या ओळखीचं एक आहे’ हे वाक्य ऐकू आलं तर सावध व्हावं. त्या ओळखीत ड्रायव्हरचा हिस्सा असू शकतो. मुंबईत १२९८ या क्रमांकाच्या सेवेने दीड-दोन दशकांपूर्वी भाड्याची एक छान शिडी लावली होती. रुग्ण महागड्या खासगी हॉस्पिटलला जाणार असेल तर पूर्ण भाडं, सरकारी हॉस्पिटलला जाणार असेल तर कमी, रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला फुकट. ऐपत विचारायची गरज नाही, ठिकाणच ती सांगतं. तशी प्रामाणिक शिडी नाक्यावर मिळत नाही. भाडं परिवहन प्राधिकरणाच्या दरपत्रकाप्रमाणे असावं, पण ऑक्सिजन, डॉक्टर, थांबणं, परतीचा रिकामा प्रवास हे सगळं शेवटी जोडलं जातं. १०८ ला पैसे नाहीत, चहापाण्याचेही नाहीत. खासगीची पावती मात्र गाडीच्या नंबरासह घ्यावी, विम्यात ती चालते. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत एका भरतीमागे २००० रुपयांपर्यंत.

खासगी जिथे खरोखर सरस आहे

एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात, ज्याला सगळे ‘शिफ्टिंग’ म्हणतात. इथे घाई मिनिटांची नसते, तयारीची असते, आणि गाडी निवडायला वेळ असतो. १०८ शिफ्टिंगही करते, पण तिची गाडी त्यात दोन तास अडकली की त्या भागातला पुढचा झटका उघड्यावर पडतो. परवडत असेल तर शिफ्टिंगला एएलएस खासगी किंवा नेणाऱ्या हॉस्पिटलची गाडी घ्यावी. डॉक्टरसह, आणि डॉक्टर वाटेत नव्हे, वॉर्डात येऊन रुग्ण ताब्यात घेणारे.

इथे जे बिघडतं ते बहुधा ऑक्सिजनवरून. बी टाइप सिलिंडर, म्हणजे कमरेएवढा, पूर्ण भरला तर सुमारे १५०० लिटरचा. मोठा डी टाइप सुमारे ७००० चा. मिनिटाला १० लिटर लावले तर बी सिलिंडर अडीच तास. पण सिलिंडरवरचा दाबाचा काटा १५० ऐवजी ७५ वर असेल तर सव्वा तास. संध्याकाळी बोरिवलीहून परळला यायला सव्वा तास पुरला तर नशीब. म्हणून रुग्ण खाली आणण्याआधी स्वतः गाडीत चढून काटा वाचायचा, लिटर भागिले प्रवाह असा हिशेब करायचा आणि लागेल त्याच्या दुप्पट साठा नसेल तर दुसरा सिलिंडर चढवायला लावायचा. सिलिंडर बदलायची किल्ली गाडीत आहे का, हेही बघायचं. भरलेला जादा सिलिंडर आहे आणि किल्ली दुसऱ्या गाडीत, हा प्रकार सांगायला हास्यास्पद वाटतो, पूर्व द्रुतगती मार्गावर घडतो तेव्हा नाही. व्हॉल्व्हपाशी ‘सुस्स’ आवाज येत असेल तर वॉशर गेलेला असतो. तो सिलिंडर काट्यावर दिसतो तेवढा टिकणार नाही.

बाकी नेहमीचं. पलीकडच्या हॉस्पिटलात बेड कोणी दिला त्या डॉक्टरांचं नाव, इन्फ्युजन पंप चार्ज असणं, एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म हातात. आणि स्वतःहून नेत असाल तर ‘डामा’च्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या, कागदावर सही करण्याआधी बेड पक्का.

गेट ते पलंग

हा भाग तिन्ही गाड्यांना सारखाच आहे आणि पूर्णपणे सोसायटीच्या हातात. उंच छपराची ट्रॅव्हलर स्टिल्टखालून जात नाही, त्यामुळे गाडी कुठे उभी राहील ती जागा आधी ठरवून तिथे पार्किंग बंद. जुन्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ अशी पाटी असते. ती लिफ्ट साधारण ११०० बाय १००० मिलिमीटरची. सहा फुटांचा स्ट्रेचर त्यात आडवाही जात नाही, तिरकाही नाही. छातीत दुखणाऱ्या माणसाला जिन्याने चालवत आणणं हा यावरचा उपाय नाही, पण दर वेळी तोच केला जातो. हात नसलेली मजबूत खुर्ची, पाठीशी दुहेरी घडी घातलेली चादर छातीखालून बांधायची, आणि खुर्चीसकट लिफ्टमध्ये. चाकांची खुर्ची सोसायटीने घेऊन ठेवली तर सात-आठ हजारांत काम होतं. बाजूच्या पट्ट्या निघणारी घ्यावी. मानेला किंवा पाठीला मार असेल तर मात्र खुर्ची नाही, जिन्यानेच, आडवं, चार माणसांनी, पाय पुढे आणि डोकं वरच्या पायरीकडे.

एक माणूस गेटवर, एक लिफ्ट तळमजल्यावर धरून. गेटचे दोन्ही दरवाजे उघडे. रात्री गाडी वळणावर आली की मोबाइलचा टॉर्च हलवायचा. अरुंद गल्ल्यांच्या वस्तीत जिथे गाडी शिरतच नाही, तिथे १०८ ची मोटरसायकल, मुंबईत ऑगस्ट २०१७ पासून आलेली, आधी पोचू शकते. ती रुग्णाला नेत नाही, पण ऑक्सिजन आणि जाणकार हात पुढे पोचवते. हा एक पर्याय बाकी दोघांकडे नाहीच.

रिक्षा-टॅक्सीबद्दल विचारणारे असतातच. रुग्ण बसून बोलतोय, हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, आणि रस्ता मोकळा आहे, तर जावं, वेळ घालवू नये. मागच्या सीटवर आडवं पडलेला, घामाने निथळणारा माणूस असेल तर जाऊ नये.

फलकावर

पहिल्या ओळीत १०८, सगळ्यांत मोठ्या अक्षरात, आणि त्याखाली उलटा पत्ता. दुसऱ्या ओळीत रुळांच्या आपल्या बाजूच्या, कॅथलॅब असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीचा थेट नंबर. रिसेप्शनचा नाही. १०८ लावल्यानंतर दुसऱ्या फोनवरून तिथे कळवायचं आहे, आणि १०८ ची गाडी लांब आहे असं कळलं तर तिथूनच गाडी मागवायची आहे. नाक्यावरच्या खासगीचा नंबर तिसऱ्या ओळीत, पुढे कंसात ‘शिफ्टिंग आणि ने-आण’. तो पूर्ण काढून टाकावा असं मला वाटत नाही. संप, पूर, दोन्ही वरचे नंबर न लागणं, हे मुंबईत होतं, आणि तेव्हा डॉक्टरविना का होईना, चाकं लागतात.

दर सहा महिन्यांनी तिन्ही नंबरांपैकी खालचे दोन लावून पाहायचे. १०८ तपासायला लावू नये, तिथे तेवढ्यात खरा फोन अडतो. कागद वॉचमनच्या टेबलावर काचेखाली आणि प्रत्येक विंगच्या लिफ्टबाहेर. लिफ्टच्या आत लावू नका, मोबाइलला तिथे रेंज नसते.